लाल दोऱ्याचा सुळका

फेस, शनिवार, १० एप्रिल १९७१

प्रिय झोहरताई, सलाम.

प्रवासाची हकीकत नंतर. आधी एक गंभीर तक्रार ऐकून घे. मानवजातीवर होणाऱ्या अन्यायांची यादी कुठे ठेवत असतील, तर तिच्यात ही वरून दुसरी तरी असावी. मोठ्या टॅक्सीला दारं चार, खिडक्या चार, आणि काच खाली-वर करायचं हँडल एक. तेही दाराला नाही, ड्रायव्हरच्या खिशात. ज्याला हवा हवी त्यानं अर्ज करायचा. तितवानहून निघताना आम्ही नेहमीप्रमाणे सहाजण होतो, दोघं पुढे आणि चौघं मागे. माझ्या मांडीला मांडी लावून वझ्झानची एक बाई. तिच्या मांडीवर बकरीच्या चिजची टोपली, आणि टोपलीवर ऊन. शफशावन यायच्या आत चिजनं आपलं अस्तित्व जाहीर केलं.

"हँडल द्या," मी म्हणालो.

"कशाला?" ड्रायव्हर.

"काच खाली करायला. स्वयंपाक करायला नव्हे."

"मागच्या हाजींना वारा बाधतो."

"आणि मला चिज बाधतं!"

"चिजला काय झालंय?" बाई म्हणाली. "सकाळी बकरीच्या अंगात होतं. तुमच्याहून ताजं आहे."

मागचे तिघं हसले. वारा बाधणारे हाजी तर इतके हसले, की त्यांना खोकला आला आणि तो वाऱ्यामुळेच आला असं ठरलं. फेस येईपर्यंत हँडल निघालं नाही. मी ते चिज आता डोळे मिटून ओळखीन.

पण तू सोपवलेलं काम विसरलेलो नाही. दर तासाला तुझा आवाज कानात वाजतो: "ताहेर, गुरुवार, बावीस तारीख, दुपारच्या नमाजानंतर, तारूदंट, हाज बिहींचं घर. एक दिवस चुकलास तर शुक्रवारी अगादीरचा दातांचा डॉक्टर इज्जाला मागणी घालायला येतोय." माझ्या भाच्याला, अन्वरला, बाप नाही, म्हणून त्याच्यासाठी हाज बिहींच्या मुलीला मागणी घालायला मामानं जायचं. तुझे गुडघे दुखतात, म्हणूनही मामानंच जायचं. मामाचे गुडघे कुणी विचारले नाहीत. इज्जा वर्षभर अन्वरच्या शाळेत त्याच्याबरोबर शिकवून गावी परत गेली, तेव्हापासून अन्वर निम्मा झालाय. उरलेला निम्मा टिकावा म्हणून रबातच्या छापखान्यातून, जिथे मी लोकांच्या चुका शोधून पोट भरतो, महिन्याची रजा काढून निघालो आहे.

तू दिलेले साखरेचे तिन्ही सुळके, निळ्या कागदातल्या त्या हातभर उंच ढेपा, सुखरूप पोचले. एक बतूल मावशीसाठी, एक वाटेतल्या अडीअडचणीसाठी, एक मागणीसाठी. मावशीनं दार उघडलं तेव्हा पिशवीत जो वर होता तो काढून तिच्या हाती दिला, तुझा लाल दोरा बांधलेला. तिनं तो न उघडता कपाटात ठेवला. आपल्या घराण्यात सुळके फुटत नाहीत, फिरतात. मी लहानपणी एका सुळक्याच्या निळ्या कागदावर पेन्सिलीनं गाढव काढलं होतं. तेच गाढव मी पुढे दोन लग्नांत आणि एका मयतीत पाहिलं.

मावशी तीन दिवसांच्या आत सोडणार नाही. पत्र इथल्याच पत्त्यावर बसच्या ड्रायव्हरजवळ दे.

तुझा,
ताहेर

*

तितवान, सोमवार, १२ एप्रिल

ताहेर, सलाम. मी सांगतेय, अन्वर लिहितोय.

गाढवा! (मामा, हा शब्द आईचा आहे. कंसातले शब्द माझे. — अन्वर)

लाल दोऱ्याचा सुळका मावशीला द्यायला तुला कुणी सांगितलं? दोरा काय मी शोभेला बांधला होता? तोच मागणीसाठी होता. तोच हाज बिहींच्या हातात पडला पाहिजे, दुसरा चालणार नाही. तो मी पिराच्या दर्ग्यावरून फुंकर मारून आणला आहे. (आई दर्ग्यावर कधी गेली मला आठवत नाही. पण ती म्हणते की आयांच्या सगळ्याच गोष्टी मुलांना दिसत नसतात.)

आत्ताच्या आत्ता मावशीकडून तो परत घे. काय वाटेल ते सांग. दुसरा दे तिला. आणि हे जमत नसेल तर आठव: तू सात वर्षांचा असताना शेजारच्या सी अलालच्या मधाची बरणी चाटून कुणी संपवली? आणि थप्पड कुणी खाल्ली? "मी खाल्ला मध" असं कोण म्हणालं? बत्तीस लोकांसमोर? ते ऋण अजून तुझ्याकडेच आहे. मी कधी मागितलं नाही. आज मागतेय.

(मामा, आईला या लग्नाची इतकी काळजी आहे हे बघून मला भरून आलं. मला उगाच वाटत होतं की तिच्या मनात नाही. गेल्या महिन्यापासून ती माझ्याशी धड बोलत नव्हती. आज मात्र लाल दोरा, लाल दोरा करत घरभर फिरतेय. कृपा करून तेवढा सुळका मिळवा.)

झोहर
(आणि अन्वर)

*

मेकनेस, बुधवार, १४ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी मावशीच्या घरी होतो, पण मावशी नव्हती. कपाट होतं, सुळका नव्हता. घरात फक्त मावशीचे यजमान होते. ते ठार बहिरे आहेत, पण मान्य करत नाहीत.

"मावशी कुठे गेली?" मी ओरडलो.

"नको, आत्ताच जेवलो."

"साखर! साखरेचा सुळका!"

"हो, हो, मेकनेसला. जिलालीकडे. मुलगा झालाय. बारसं."

म्हणजे जे हवं ते त्यांना ऐकू येतं. मावशी मंगळवारी पहाटे, मी झोपेत असताना, नातवाच्या बारशाला गेली होती, आणि काखेत पिराच्या फुंकरीचा तुझा सुळका. मी बस पकडली. मेकनेसला जिलालीच्या दारात पोचलो तेव्हा मेंढा कापून झाला होता, मुलाचं नाव ठेवून झालं होतं, आणि रिकाम्या हातानं बारशाच्या घरात शिरणं मला आईनं शिकवलेलं नाही. उरलेल्या दोन सुळक्यांतला एक देऊन बसलो. मग पाहुण्यांचे सुळके ठेवलेल्या खोलीकडे उगाच फेऱ्या मारू लागलो. जिलालीच्या बायकोला वाटलं मी बाळाला पाहायला तरसलोय. तिनं बाळ माझ्या हातात दिलं. बाळानं माझा झगा भिजवला. खोलीत सुळके नऊ, लाल दोरा एकाही नाही.

शेवटी लाज सोडली. "वहिनी, मावशीनं आणलेला सुळका कुठे आहे? लाल दोऱ्याचा?"

"अगं बाई, तो? काल माझे मामा वारले ना, मराकेशचे सराफ. माझा भाऊ संध्याकाळच्या गाडीनं गेला दुखवट्याला. म्हटलं, चांगला लाल दोरा बांधलाय, हाच ने. उठून दिसतो."

"दुखवट्याला लाल दोरा?"

"घाईत कोण बघतंय, भाऊजी."

मावशी शेजारी बसून मेंढ्याचं काळीज खात होती. तिनं विचारलं, "ताहेर, मी नेलेल्या सुळक्याचं तुला काय? मला दिलेला परत घेतोस का?"

"नाही मावशी. फक्त त्याची विचारपूस करतोय."

"सुळक्याची?"

"घरचा आहे ना."

ती जिलालीला हळूच म्हणाली, "याचं लग्न व्हायला हवं होतं." मी ते ऐकलं. या घरात सगळ्यांनाच हवं ते ऐकू येतं.

उद्या मराकेशला निघतो. पत्ता: मरहूम सराफ अब्बास यांचं घर, मुवासीन मशिदीजवळ. मी यांना कधी पाहिलं नाही. आता ते मलाही पाहणार नाहीत.

तुझा दमलेला,
ताहेर

*

तितवान, शुक्रवार, १६ एप्रिल

ताहेर, सलाम. अन्वर लिहितोय.

मराकेशहून तो सुळका घेतल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नकोस. लाल दोरा सोडू नकोस, कागद उघडू नकोस, वासही घेऊ नकोस.

(बातमी: बा अय्याद किराणेवाल्याच्या दुकानाच्या काचेतला दिखाऊ सुळका तुम्ही निघालात त्या दिवशी चोरीला गेला. अठरा वर्षं तिथे उभा होता. त्याच्या जागी आता निळं वर्तुळ उरलंय, बाकीची फळी उन्हानं पांढरी पडली आहे. बा अय्याद म्हणतो, चोर नक्की रबातचा, कारण त्या दिवशी दुकानात परका माणूस तुम्हीच आला होतात. साऱ्या गल्लीत सांगत फिरतोय. आई म्हणाली हे लिहू नकोस. पण मला वाटलं तुम्हाला माहीत असावं.)

गुरुवार, बावीस. लक्षात ठेव.

झोहर

*

मराकेश, सोमवार, १९ एप्रिल

प्रिय ताई,

मिळाला! छाती फुगवून लिहितोय, ती या शहरातल्या धुळीत फुगेल तेवढीच.

आधी त्या बा अय्यादला सांग: ज्या माणसानं तीस वर्षांत दुसऱ्याचा एक स्वल्पविराम चोरला नाही, तो त्याच्या दुकानातली शोभेची वस्तू चोरायला रबातहून येईल का? परत आलो की बघतो त्याच्याकडे.

आता ऐक. मयताचं घर भरलेलं. पुरुष अंगणात कुराण ऐकत बसलेले, बायका आत. मी ज्याला ओळखत नाही अशा माणसाबद्दल दुःख करणं मला अवघड जाईल असं वाटलं होतं, पण शेजारी बसलेल्या मातीच्या भांडीवाल्यानं रडत रडत विचारलं, "तुमची त्यांची ओळख कशी?" आणि मी म्हणून गेलो, "त्यांनी मला कधी दुखावलं नाही." हे अक्षरशः खरं होतं. पण लोक हुंदके देऊ लागले. भांडीवाला म्हणाला, "एवढं साधं आणि एवढं खरं!" मग सगळे माझ्याकडे अपेक्षेनं बघू लागले. मी आणखी दोन वाक्यं बोललो. मरहूमांनी माझा कधी अपमान केला नाही. मी त्यांच्या दारातून कधी रिकाम्या पोटी गेलो नाही. सराफाच्या थोरल्या मुलानं मला मिठी मारली. तीन दिवस उठू दिलं नाही. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला येण्याचं वचन घेतलंय, आणि मला खरोखर यावंसं वाटतंय. इथला कुसकुस उत्तम आहे.

सुळके आतल्या खोलीत भिंतीशी रचले होते. अठरा. मधोमध तुझा लाल दोरा, दुखवट्याच्या घरात लग्नातल्या नवऱ्यासारखा. राखणीला एक म्हातारी, सराफांची चुलत बहीण, डोळे मिटून जपमाळ ओढत बसलेली. मी आत शिरलो, गुडघे टेकले, हात वर करून दुआ मागतोय असं केलं, झग्यातून माझा उरलेला सुळका काढून रचला आणि लाल दोऱ्याचा झग्यात घातला. उठलो.

"थांब," म्हातारी म्हणाली. डोळे मिटलेलेच.

मी थांबलो. ताई, तेव्हा मला सी अलालची बरणी आठवली.

"एक ठेवलास आणि एक उचललास?"

"हो."

"मोजले तर अठराच भरतील?"

"अठराच."

"मग जा. माझ्या नवऱ्यानं माझ्या धाकट्या बहिणीसाठी आणलेला मागणीचा सुळका मला देऊन टाकला होता, घाईत. बेचाळीस वर्षं संसार झाला." आणि पुन्हा जपमाळ.

सुळका नेहमीपेक्षा जरा जड वाटला. म्हटलं, पिराच्या फुंकरीला वजन असणारच.

उद्या पहाटे घाटातून तारूदंटची बस. लोक सांगतात की त्या वळणांवर प्रवासी आपोआप धर्मनिष्ठ होतात. आता माझ्याजवळ एकच सुळका आहे, आणि तो योग्य तोच. अन्वरला सांग, मामानं हरवलेलं शोधून आणलं.

विजयी,
ताहेर

*

तितवान, मंगळवार, २० एप्रिल

ताहेर,

हे पत्र अन्वर लिहीत नाहीये. सुईणीची मुलगी फामा लिहितेय. तिनं कुराणावर हात ठेवलाय की कुणाला सांगणार नाही. तुझं मराकेशचं पत्र अजून आलेलं नाही. अल्ला करो आणि तुला तो सुळका सापडलेलाच नसो.

ताहेर, तो साखरेचा नाही. प्लॅस्टरचा आहे.

बा अय्यादच्या काचेतला. तो मागे तेल मोजायला गेला, मी उचलला आणि पदराखाली घातला. साठ वर्षांच्या आयुष्यात पहिली चोरी. नवा निळा कागद लावला आणि खुणेला लाल दोरा बांधला. मला वाटलं, हाज बिही मोठे व्यापारी, मागणीत प्लॅस्टर आणलं म्हणून अपमान मानतील, तुला हाकलून देतील, आणि संपलं. तुझी थोडी बेइज्जती होईल. पण तू भाऊ आहेस.

का, ते सांगते. महिन्यापूर्वी अन्वरचा कोट झटकताना एक कागद सापडला, शिक्का मारलेला. मला वाचता येत नाही, तुला माहीत आहे. कोपऱ्यावरच्या शिंप्याला दाखवला. त्यानं वरची ओळ वाचली, "बदलीसाठी अर्ज". पुढचं मी वाचू दिलं नाही, गल्लीभर झालं असतं. मला कळलं. लग्न करणार आणि तारूदंटला जाणार. या गुडघ्यांनी मी कुठे जाऊ? रात्री कडी लावताना घरात दुसरा आवाज नसेल तर, ताहेर, मी कुणाला ओरडू?

आज सकाळी अन्वर नाचत घरी आला. म्हणाला, "आई, मंजूर झाला!" काय मंजूर झालं रे? तर म्हणे इज्जाचा अर्ज. तिनं बदली मागितली, इथे, आपल्या शाळेत. कागद तिचा होता. अन्वरनं फक्त शिक्षण खात्यात नेऊन दिला. तो मला सांगणार नव्हता, मंजूर होईपर्यंत, मला आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून.

मला धक्का बसला.

तार करावी तर तारबाबू अन्वरचा पत्त्यांतला जोडीदार. म्हणून हे पत्र बसनं धाडतेय. सुळका मिळाला असेल तर नदीत टाक. दुसरा घे, कुठलाही घे, बिनदोऱ्याचा. फामा म्हणते तू अजून मराकेशला असशील. तू नेहमी उशिरा निघतोस. याही वेळी तेवढा उशिराच नीघ.

तुझी,
झोहर

*

तारूदंट, शुक्रवार, २३ एप्रिल

प्रिय ताई,

हे पत्र फामाकडून वाचून घे. तुझं मला आज सकाळी मिळालं. मराकेशच्या सराफांच्या मुलानं ते इथल्या बसच्या ड्रायव्हरजवळ दिलं, आणि त्यानं नाश्ता करून, दाढी करून, मग दिलं. काल दुपारी मिळायला हवं होतं.

मी वेळेवर पोचलो. आयुष्यात एकदाच, आणि नको तेव्हा.

हाज बिहींची बैठक भरली होती. ते स्वतः, त्यांचे दोन भाऊ, गावचे धर्मपंडित फकीह, आणि पडद्यामागे बायका. पडदा मधूनच हलत होता. या घराची रीत अशी: मागणीचा सुळका यजमान पाहुण्यांसमोर पितळी हातोडीनं फोडतो आणि त्याच साखरेचा चहा होतो. फोडला तर हो. न फोडता फळीवर ठेवला तर नाही. तोंडानं कुणी काही बोलत नाही.

मी सुळका दोन्ही हातांनी पुढे केला. हाजींनी घेतला, तळहातावर तोलला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मामासाहेब, हा कुठून आणलात?"

बस, मला तेवढंच हवं होतं. मी सगळी कथा सांगितली. मावशी, बारसं, दुखवटा, अठरा सुळके, म्हातारी, पिराची फुंकर. "या एका सुळक्यासाठी," मी म्हणालो, "मी तीन शहरं पालथी घातली. कारण माझ्या बहिणीची इच्छा होती की तुमच्या हाती हाच पडावा." शब्दाशब्दाला खरं बोलत होतो, ताई. इतका खरा मी कधीच नव्हतो.

हाजींनी मान डोलावली. दोरा सोडला, कागद उलगडला आणि हातोडी मारली.

टोक उडालं ते थेट फकीहांच्या मांडीवर. पांढरी धूळ उडाली. फकीहांनी टोक उचलून बिस्मिल्ला म्हणून जिभेला लावलं, आणि थुंकून टाकलं.

"ही तर भिंत आहे!"

मी तीस वर्षं छापखान्यात चुका शोधतोय. मथळ्यातच एवढी मोठी चूक, तीही माझ्याच सहीनं छापलेली, मी पहिल्यांदा पाहिली. पडद्यामागे कुणीतरी हसू दाबत होतं.

"मला... मला माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"ते कळलं," हाज म्हणाले. "चाळीस वर्षं साखर विकतोय. हातात घेताच प्लॅस्टर आहे हे समजलं. माझ्याही दुकानात काचेत तीन आहेत. ते विकत मिळत नाहीत."

"मग फोडलात कशाला?"

"तुम्हाला ठाऊक आहे का ते पाहायला. हातोडी खाली येताना तुम्ही दोन्ही हात पुढे केलेत, साखर झेलायला. म्हणजे ठाऊक नव्हतं. दोरा कुणी बांधला?"

"बहिणीनं."

"विधवा?"

"हो."

"मुलगा एकच?"

"एकच."

हाजींनी मांडीवरची धूळ झटकली. मग डोक्यावरची टोपी काढली. आत चष्मा होता.

"इज्जाच्या बदलीच्या अर्जावर बापाची सही लागत होती," ते म्हणाले. "चार महिने मी केली नाही. चष्मा सापडत नाही म्हणून. शेवटी इज्जानं बोट धरून जागा दाखवली तेव्हा केली. घरातल्या सगळ्यांनी शोधला. बायकोनं विहिरीत सुद्धा माणूस उतरवला."

"विहिरीत?" पडद्यामागून एक बाई कडाडली. "म्हणजे टोपीत होता? चार महिने टोपीत?"

"आपण नंतर बोलू."

"नंतर कशाला? पाहुण्यांना पण कळू दे!"

हाजींनी टोपी पुन्हा घातली, थोडी तिरकी. मला म्हणाले, "मुलीला तितवानला पाठवायचं म्हणजे मला एकच काळजी होती. तिकडे हिला धरून ठेवणारं कुणी असेल का, की चार दिवसांत परकी करतील? आता काळजी नाही. तुमची बहीण आपलं माणूस सोडत नाही. त्यासाठी चोरीही करते. एकदा इज्जा तिची झाली की तिलाही सोडणार नाही. फक्त तिला सांगा, मीही सोडणार नाही. दर ईदला इकडे पाठवायची."

मग पडदा सरकला आणि इज्जा स्वतःच आली, हातात दुकानातला खरा सुळका. बापाच्या हातून हातोडी घेतली. एका घावात दोन तुकडे केले. फकीहांनी आधी बोट लावून चव पाहिली, मग दुआ म्हटली.

चहा देताना ती हळूच म्हणाली, "मामा, सासूबाईंना सांगा, मी नांदायला आले की पहिल्या दिवसापासून त्यांना अक्षरं शिकवणार. एका ओळीवर थांबायचं नाही. पूर्ण कागद वाचायचा."

तेव्हा मला काही उमगलं नाही; आज तुझं पत्र वाचल्यावर तिला विचारलं, अर्जाची भानगड कशी कळली. "अन्वरनं कळवलं होतं, आई महिनाभर बोलत नाही, कोट झटकल्यापासून. बाकीचं मी जुळवलं. शिकवायला शाळेत जाते मी, मामा. मुलं काय काय लपवतात, रोज बघते."

दातांचा डॉक्टर सकाळी आला, तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो म्हणे हाजींची एक दाढ तपासून, चहा पिऊन आनंदानं परतला.

टोक उडालेला सुळका हाजींनी स्वतः पुन्हा निळ्या कागदात बांधून माझ्या हाती दिला. म्हणाले, "ज्याचा असेल त्याला परत करा. दुकानदाराची काच रिकामी बरी दिसत नाही."

तुझा,
ताहेर

*

तितवान, बुधवार, २८ एप्रिल

ताहेर, सलाम. अन्वर लिहितोय.

सगळं चांगलं झालं हे कळलं. फार चांगलं झालं. साखर गोड निघाली ना? (मामा, आई हे विचारून पदरात तोंड लपवते. तीन वेळा झालं.) येताना घरी ये. बा अय्यादच्या दुकानावरून येऊ नकोस. मागच्या गल्लीनं ये. तो अजून तुझं नाव घेतो. मी दोनदा त्याला सांगायला गेले होते. दारापर्यंत गेले. मग ऑलिव्ह घेऊन परत आले. घरात आता दोन बरण्या ऑलिव्ह आहेत.

(मामा, आईला बा अय्यादला काय सांगायचं आहे? मी विचारलं तर म्हणते, ऑलिव्ह खा.)

झोहर

*

रबात, गुरुवार, ६ मे

प्रिय ताई,

फामाकडून वाचून घे. घरी होतो तेव्हा अन्वर सारखा समोर होता, म्हणून बोललो नाही. शिवाय तू इतका वेळ रडत-हसत होतीस की मध्ये शिरायला जागा नव्हती.

मी मागच्या गल्लीनं आलो नाही. बसमधून उतरलो तो सरळ बा अय्यादच्या दुकानात गेलो. (वाटेत टॅक्सी घेतली नाही. हँडलचा प्रश्न माझ्या लेखी अजून सुटलेला नाही.) दुकानात पाचसात माणसं होती. तुमच्या कोपऱ्यावरचा शिंपी, सुईण, मशिदीत अजान देणारा मुअज्जिन. मी काचेजवळ गेलो, झग्यातून सुळका काढला आणि फळीवरच्या त्या निळ्या वर्तुळात ठेवला. अगदी बरोबर बसला. टोक उडालेली बाजू भिंतीकडे केली.

सगळे वळून बघू लागले.

बा अय्याद मोजमापाचं भांडं हातात तसंच धरून म्हणाला, "साहेब, एवढे शिकलेले तुम्ही. साखर हवी होती तर मागायची होती. आणि घेतलीत तर घेतलीत, प्लॅस्टरची कशाला घ्यायची?"

शिंपी हसला. मुअज्जिननं माझ्यासाठी अल्लाकडे क्षमा मागितली, जरा मोठ्यानं. सुईण म्हणाली, "रबातला सगळे असेच असतात." ताई, तितवानमध्ये आता मी चोर आहे, तेही प्लॅस्टरचा. लग्नात लोक माझ्याकडे बघून आपले खिसे चाचपतील.

बोलायला माझ्याकडे बरंच होतं. मी म्हणालो, "चूक झाली, बा अय्याद. माफ करा." आणि लग्नासाठी दोन सुळके मागितले. त्यानं ते माझ्यासमोर टिचकी वाजवून दाखवले, खरे आहेत म्हणून. ते तुझ्या कपाटात, खालच्या फळीवर आहेत. कुणाला फिरवू नकोस, फोड.

सी अलालच्या मधाचं आता आपल्यात काही राहिलं नाही.

तुझा,
ताहेर